खुंटाला धडकलं की मशीन उसळतं, क्लॅम्प सरकतो, साखळी तुटते : आऊटबोर्ड नीट बांधायचं कसं

तक्रार तीच, दरवर्षी, आणि बहुतेक जानेवारी ते जून या काळातली. धरणाच्या फुगवट्याचं पाणी उतरायला लागतं, बुडालेल्या झाडांचे खुंट वर यायला लागतात आणि आऊटबोर्डचा, म्हणजे नावेच्या मागच्या फळीला बाहेरून लावलेल्या मशीनचा, पाण्यातला पाय त्यांच्यावर आदळतो. कुणाचा क्लॅम्प, म्हणजे मशीन फळीला धरणारी पकड, फळीवरून बोटभर वर सरकलेला असतो, कुणाची ट्रान्सम म्हणजे मागची उभी फळीच चिरते, कुणाचं मशीन फळीवरून उलटून पंखा फिरत असताना नावेत येतं. या शेवटच्या प्रकारात माणूस जातो. बाकीच्यांत फक्त पैसे जातात.

खान्देशात हे कुठं होतं ते सांगायला नको. सरदार सरोवराच्या फुगवट्यात अक्कलकुवा-अक्राणीच्या पाड्यांना ये-जा करणाऱ्या नावा, उकाईच्या फुगवट्यात नवापूर-नंदुरबारकडची मासेमारी, हतनूरच्या वरचं तापी-पूर्णेचं पाणी, आणि प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाड्याच्या बॅरेजमागचे पट्टे. नर्मदेकडचा प्रश्न जास्त वाईट, कारण तिथं डोंगरउतारावरचं जंगल उभं असतानाच पाण्यात गेलं. साग तर आहेच, पण अंजनाचं झाड असेल तर तो खुंट दगडासारखा समजा. इतकं जड आणि कठीण लाकूड आपल्याकडे क्वचितच दुसरं सापडेल. त्यावर ॲल्युमिनियमचा पाय आदळला की पायच हरतो.

सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर, आणि ती पहिल्यांदा गाठली गेली सप्टेंबर 2019 मध्ये. पाणी काठोकाठ असतं तेव्हा खुंट खोल असतात. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की ते डोळ्यांना दिसतात. जीव घेणारा काळ या दोन्हींच्या मधला, खुंटाचं टोक पाण्याखाली 30 ते 60 सेंटिमीटर असतानाचा. नावेचा तळ 25-30 सेंटिमीटर पाण्यात, आणि पंख्याखालची फिन त्याच्याही खाली तितकीच. म्हणजे नाव खुंटावरून अलगद निघून जाते आणि मागचं मशीन अडकतं. पुढं बसलेल्याला काही कळतच नाही.

मुळात चुकतं कुठं

आऊटबोर्डला धरून ठेवण्याची कामं तीन, आणि तिन्ही वेगवेगळी.

एक, पाय आदळला तर त्याला मागं-वर उचलू देणं. दोन, तसं उचललं गेलं तरी क्लॅम्प फळीवरून न सुटू देणं. तीन, सगळं तुटलंच तर मशीन नावेत न येऊ देणं.

आपल्याकडे होतं काय, तर चोरीच्या किंवा बुडण्याच्या भीतीनं एक साखळी बांधलेली असते आणि तिलाच सेफ्टी समजलं जातं. त्याच्या जोडीला पहिल्या कामाच्या बरोबर उलटं एक काम केलेलं असतं, पाय दोरीनं खाली बांधून टाकलेला असतो. बहुतेक फुटलेल्या ट्रान्समचं मूळ तिथं सापडतं, म्हणून तिथूनच सुरुवात.

लक्षण पहिलं : «भाऊ, मशीन उसळस»

सारंगखेड्याकडचा माणूस असं म्हणाला की पहिला प्रश्न विचारा, पुढं जाताना की रिव्हर्सला? नव्वद टक्के उत्तर रिव्हर्सचं येतं. रिव्हर्समध्ये पंखा मशीनला मागं ओढतो, त्यामुळे पाय आपोआप वर यायला बघतो. त्याला धरायला ब्रॅकेटमध्ये एक आकडा असतो, रिव्हर्स लॉक. बऱ्याच छोट्या मशीनमध्ये गिअर रिव्हर्सला टाकला की हा आकडा खालच्या टिल्ट पिनला, म्हणजे पाय जिच्यावर टेकतो त्या आडव्या पिनला, पकडतो आणि फॉरवर्डला टाकला की सोडतो. काहींत तो हाताच्या लिव्हरनं लावावा लागतो.

आकडा पकडत नसेल तर कारणं साधी असतात. गाळ बसून आकडा जाम झालेला, स्प्रिंग सैल, गिअरकडून येणाऱ्या सळीची लांबी बिघडलेली, किंवा टिल्ट पिन वाकून आकडा अर्धाच बसतोय. मशीन बंद करून गिअर रिव्हर्सला टाका आणि पायाला हातानं मागं-वर ओढा. हलला तर आकडा धरत नाही. डिझेल आणि ब्रशनं साफ करा, ग्रीस लावा, पिन सपाट फरशीवर लोळवून वाक बघा. आकड्याचं टोक गोल झालं असेल तर बदला, घासून धार काढू नका, कारण घासलं की तो आणखी आखूड होतो.

हे दुरुस्त करायला तासभर लागतो. पण तो तास वाचवायला पायाला नायलॉनची दोरी घालून ती फळीच्या कडीला घट्ट आवळली जाते. रिव्हर्सला उसळणं थांबतं, आणि महिनाभरानं 25 किमी वेगात खुंट लागतो.

तेव्हा काय होतं ते आकड्यांत बघा. नाव, माणसं, सामान मिळून 800 किलो धरा. ताशी 25 किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ 7 मीटर. एवढ्या नावेत साधारण 19 हजार ज्यूल ऊर्जा असते. पाय मोकळा असेल तर तो टिल्ट नळीभोवती, म्हणजे मशीन ज्या आडव्या नळीवर वर-खाली झुलतं तिच्याभोवती, फिरून वर जातो, खुंट खालून निसटतो, नाव पुढं जाते. त्या 19 हजारांतली थोडीच ऊर्जा मशीनला लागते. पाय बांधलेला असेल तर नाव आणि खुंट यांच्यामध्ये उरते फक्त फळी, आणि नावेचा सगळा भार पायाच्या लांबीच्या तरफेनं फळी खालून वर उपटतो. क्लॅम्पचे स्क्रू लाकडात खोल रुतलेले आणि बाहेरच्या बाजूनं फळीचा पापुद्रा सुटलेला दिसला की समजावं, पाय बांधलेला होता किंवा हाताची लॉक लिव्हर पुढं जातानाही लावलेलीच राहिली होती.

टिल्ट पिनबद्दल एक गैरसमज इथंच काढून टाकू. पिन वरच्या भोकात घातली की खालच्या, यानं मशीनचा कोन बदलतो. पुढं जाताना पाय त्या पिनवर टेकतो, एवढंच तिचं काम. धडकेत ती पायाला अडवत नाही आणि अडवायचीही नाही.

लक्षण दुसरं : क्लॅम्प वर सरकतो किंवा एका बाजूला फिरतो

हातानं आवळायचे दोन स्क्रू म्हणजे तात्पुरती पकड. लाकूड दबतं, कंप होतो, पकड सुटते. पहिल्यांदा आवळल्यावर 10-15 मिनिटं मशीन चालवून पुन्हा आवळायचे, हे छोट्या मशीनलाही लागू. 15 अश्वशक्ती आणि त्यावरच्या मशीनला बोल्ट पाहिजेतच, भले विकणारा काही म्हणो. क्लॅम्प ब्रॅकेटमध्ये त्यासाठी भोकं दिलेली असतात. 15 साठी भोकात बसेल तो 8 किंवा 10 मिमीचा, 40 साठी 12 मिमीचा. आतल्या बाजूनं वॉशरच्या भरवशावर राहू नका. 6 मिमी जाडीची ॲल्युमिनियम किंवा गॅल्व्हनाइज्ड पट्टी दोन्ही बोल्टांना मिळून एकच घाला, वर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, कंपानं न सुटणारा. भोकाच्या आतल्या लाकडाला आधी इपॉक्सी पाजा, मग बोल्टाभोवती पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन चालत नाही, ते वर्षभरात सुटतं आणि पाणी प्लायवुडमध्ये शिरतं.

आपलं पाणी गोडं आहे ही एक सोय. कोकणात जिथं 316 स्टेनलेसशिवाय भागत नाही तिथं इथं चांगलं गॅल्व्हनाइज्ड सामान वर्षानुवर्षं टिकतं. ते पैसे फळीवर घाला.

फळी तपासायची पद्धत जुनीच, हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा. टणक ठणठण आवाज आला तर बरी, बद्द आवाज आला तर आत कुजलीय. फायबरच्या नावेत वरून सगळं चकचकीत दिसतं आणि आतलं प्लायवुड भुसा झालेलं असतं. क्लॅम्पखालच्या जागी 5 मिमीचं भोक पाडून भुसा हातात घ्या. कोरडा, फिकट आला तर ठीक. काळा आणि ओला आला तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी फळी बदला. 38 ते 45 मिमी जाडी असावी. 25 मिमीच्या फळीला आतून फळकुट जोडून काम भागवलेलं दिसतं, ते एकसंध चिकटवलेलं नसेल तर धडकेत दोन वेगळ्या फळ्यांसारखंच वागतं.

आणखी एक गोष्ट मोजा. पाय आखूड, म्हणजे 15 इंची आहे की लांब, 20 इंची? आखूड फळीवर लांब पायाचं मशीन बसवलं असेल तर तुम्ही विनाकारण 5 इंच जास्त खोलातले खुंट शोधत फिरताय. पंख्यावरची आडवी प्लेट नावेच्या तळाच्या रेषेत, फार तर 25 मिमी खाली असावी.

सगळं बसलं की क्लॅम्प आणि फळी यांच्यावरून ऑइलपेंटची एक पातळ आडवी रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की क्लॅम्प सरकला. रोज सकाळी एक नजर पुरते.

लक्षण तिसरं : साखळी तुटली, किंवा साखळी शाबूत पण मशीन नावेत

खरा घोळ इथला आहे, म्हणून इथं सविस्तर.

खुंट लागल्यावर पाय मागं-वर जातो, मशीनचं डोकं नावेत झुकतं. वेग जास्त असेल तर टिल्टचा शेवटचा टप्पा जोरात लागतो. तिथं थांबायला छोट्या मशीनला काहीच धक्काशोषक नसतो. मग तुटतं ते दोनांपैकी एक. एकतर क्लॅम्प फळीवरून उचकटतो, नाहीतर स्विव्हल ब्रॅकेट (मशीन आणि क्लॅम्प यांना जोडणारा वळता भाग) किंवा टिल्ट नळी तुटते आणि क्लॅम्प जागच्या जागी राहतो. दोन्ही प्रकारांत पायाला वर जायचा वेग मिळालेलाच असतो, तो फळीवरून गोल फिरून पंख्यासकट आत येतो. इंजिन 5500 फेऱ्यांवर असेल आणि गिअर साधारण दोनास एक असेल तर पंखा सेकंदाला चाळीसच्या वर फेऱ्या मारतोय. पाण्याबाहेर आल्यावर त्याला अडवायलाही काही नाही.

आता साखळी कुठं बांधलेली असते ते बघा. क्लॅम्प ब्रॅकेटच्या कडीला. कंपनीनं ती कडी दिलेली असते, वापरायचीही. पण ती मशीनला नाही, क्लॅम्पला धरते. स्विव्हल तुटलं तर साखळी क्लॅम्पला घट्ट धरून बसते आणि मशीन आत येतं. आणि क्लॅम्प सुटला तरी साखळी दोन-अडीच फूट लांब आणि नावेच्या आतल्या कडीला बांधलेली असेल, तर ती मशीनला बाहेर जाऊ देत नाही, नावेतच ठेवते. बुडण्यापासून वाचवलं खरं, पण ज्यासाठी मशीन वाचवायचं तो माणूसच मध्ये सापडतो.

साखळी तुटते त्याचं कारण ताकद कमी हे नसतं, ताण न घेणं हे असतं. 25 अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक मशीन साधारण 50 किलोचं. 25 किमी वेगाच्या हिशेबानं त्यात 1200 ज्यूल. ते साखळीनं 2 सेंटिमीटरमध्ये थांबवायचं तर सरासरी जोर 6 टनांचा. 8 मिमीची साधी साखळी त्याच्या निम्म्यातच जाते. तेच नायलॉनच्या दोरानं 10 सेंटिमीटर ताणून थांबवलं तर सरासरी 1.2 टन, आणि दोर ताणत जाताना जोर वाढत जातो म्हणून शेवटी त्याच्या दुप्पट, 2.4 टन धरा. म्हणजे काम नायलॉनचं आहे. पॉलिप्रॉपिलीनचा निळा-हिरवा दोर नको, उन्हात एका वर्षात त्याचं गवत होतं. वायर रोप ताणत नाही, तो फक्त क्लॅम्पच्या कडीसाठी ठेवा, बुडू नये म्हणून.

दोराचं माप : 15 अश्वशक्तीपर्यंत तीन पदरी नायलॉन 12 मिमी, नवा असताना साधारण 3 टनाला तुटतो. 25 आणि 40 ला 16 मिमी, साधारण 5 टन. ओला नायलॉन 10-15 टक्के कमजोर होतो आणि गाठ मारली तर 30-40 टक्के ताकद गाठच खाते. म्हणून टोकं गुंफून, थिंबल म्हणजे धातूची खोबणी घालून आय स्प्लाइस, म्हणजे गाठ न मारता विणलेला डोळा, करा, निदान पाच फेरे. येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

लागणारं सामान असं : दोर दोन, डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक, पण प्रत्येक एकट्यानं भार घेईल असा. 12 मिमी सळीचे यू-बोल्ट दोन. 6 मिमी जाडीच्या 100 बाय 150 मिमी आतल्या पट्ट्या दोन. 10 मिमीचे बो-शॅकल, म्हणजे पिनेनं बंद होणाऱ्या कड्या, चार, ज्यांच्यावर 1 टन कोरलेलं आहे तेच. क्रेनवाले वापरतात ती 1 टनी जांभळी पॉलिस्टर स्लिंग दोन, एमआयडीसीच्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते. आणि दोराला घासण्यापासून वाचवायला ठिबकची साधी लॅटरल, भोकं नसलेली. 16 मिमीच्या लॅटरलमधून 12 चा दोर जातो, 20 च्या लॅटरलमधून 16 चा. जळगाव जिल्ह्यात हे तुकडे कुठल्याही शेताच्या बांधावर पडलेले असतात. स्प्लाइस करायच्या आधी नळी ओवा, नंतर जाणार नाही.

बसवताना स्पार्क प्लगची टोपी काढा आणि पंखा उतरवून ठेवा. मग असं जा :

1. स्लिंग पायाच्या मधल्या खोडाभोवती, खालच्या रबर माऊंटच्या लगेच खाली, फास घालून बसवा. मागच्या बाजूला धुराचं छोटं भोक असतं ते आणि पाण्याची धार येते ते भोक झाकू नका. कव्हरचं हँडल, उचलायची मूठ, स्टिअरिंगचा दांडा यांना कधीही बांधू नका, ते आधी तुटतात.

2. यू-बोल्ट फळीच्या बाहेरच्या अंगाला, जमेल तितके खाली, पण नाव पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या रेषेच्या वर. आतून पट्टी, नायलॉक, सीलंट. खाली का, तर मशीनला आत यायचं असेल तर दोराला आधी फळीची उंची चढावी लागते, मग आत जायला लांबी उरत नाही. सगळी करामत या एका मापात आहे.

3. मशीन पूर्ण वर टिल्ट करा, डावीकडे पूर्ण वळवा, उजव्या यू-बोल्टपासून स्लिंगपर्यंत मोजा. मग उजवीकडे वळवून डाव्याचं. जास्त आलेलं माप घ्या, त्यात 3 सेंटिमीटर मिळवा. शॅकलसकट एवढीच दोराची लांबी. बहुतेक नावांवर 60 ते 75 सेंटिमीटर येते. मीटरभर आली तर यू-बोल्टची जागा चुकली.

4. मशीन खाली केल्यावर दोर सैल लोंबतो आणि पंख्यात जाऊ शकतो. त्याला मधोमध सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं वर अडकवून ठेवा. पट्टी पातळ हवी, झटक्याला तुटली पाहिजे.

5. शॅकलच्या पिना तारेनं बांधा. नुसत्या आवळलेल्या पिना कंपानं उलगडतात.

6. आता परीक्षा. बोल्ट आणि क्लॅम्प सोडा, दोघांनी मशीन उचला आणि पाय वरून फळीवरून आत आणायचा प्रयत्न करा, मुद्दाम जोर लावून. पंख्याची जागा चालवणाऱ्याच्या बसण्यापर्यंत पोचता कामा नये. पोचत असेल तर दोर आखूड करायला जाऊ नका, टिल्ट अडकेल. यू-बोल्ट खाली न्या.

मग क्लॅम्प पुन्हा बसवा, बोल्ट आवळा, वायर रोप ब्रॅकेटच्या कडीला लावा. 6 मिमीच्या वायर रोपला क्लिप तीन, 40 मिमी अंतरानं, आणि क्लिपचं जाड बूड भार घेणाऱ्या तारेवर, यू दुमडलेल्या टोकावर. हे उलटं लावलेलं दहापैकी सहा ठिकाणी दिसतं.

हे सगळं करूनही ताशी 40 किमी वेगात अंजनाच्या खुंटाला काही उत्तर नाही. वेग अर्धा केला की ऊर्जा चौथाईवर येते, म्हणून खुंटांच्या पट्ट्यात 12 किमी. यापेक्षा स्वस्त सेफ्टी बाजारात नाही.

हायड्रॉलिक टिल्ट असलेली मशीन

40 आणि पुढच्या मशीनला, पूरबचावाच्या रबरी नावांवर असतात तशा, टिल्टच्या सिलिंडरमध्येच धक्का शोषायचे व्हॉल्व्ह असतात. पाय आदळला की तेल त्या व्हॉल्व्हमधून दाबानं जातं, मशीन रेटा देत वर जातं आणि पुन्हा जागेवर येतं. यात नेहमीची चूक एकच. पंप बंद पडला म्हणून मशीन हातानं उचलायला ब्रॅकेटच्या बाजूचा रिलीज स्क्रू सैल केला जातो आणि तसाच राहतो. मग ना रिव्हर्सला मशीन थांबतं, ना धडकेत काही अडवतं. प्रत्येक फेरीआधी तो उजवीकडे फिरवून बंद आहे का बघा. मशीन रात्रीतून आपोआप खाली बसत असेल तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. अशा मशीनचा धक्काशोषकही भरवशाचा नाही.

पुराच्या पाण्यातलं काम वेगळं. हतनूरचे 41 दरवाजे उघडले की खाली काय काय वाहत येतं त्याचा नेम नसतो, आणि गावात शिरलेल्या पाण्याखाली विहिरीचे कठडे, तारेची कुंपणं, शेताचे बांध असतात. तिथं टिल्ट थोडं वर ठेवून सावकाश चाला. रावेर-यावलकडून वाहून येणारे केळीचे खांब मशीन मोडत नाहीत, पण त्यांचा चोथा पाणी खेचायच्या जाळीत बसतो आणि मशीन तापतं. धार थांबली की बंद करा, जाळी साफ करा.

किल-स्विचची दोरी आणि बसायची जागा

किल-स्विच म्हणजे चावी ओढली गेली की मशीन बंद करणारं बटण. त्याची लाल दोरी मनगटाला किंवा लाईफ जॅकेटच्या कडीला, टिलरच्या, म्हणजे मशीन वळवायच्या दांड्याच्या, मुठीला गुंडाळून नाही. गुंडाळलेली दोरी मशीनबरोबरच उडते, चावी निघतच नाही. दर सोमवारी चालू मशीनवर दोरी ओढून बघा, लगेच बंद झालं पाहिजे. बाजारात मिळणारी कुठलीही चावी बसते म्हणून चालवू नका, ढिली चावी कंपानं सुटते आणि मग वैतागून तिथं तारेचा तुकडा कायमचा अडकवला जातो.

चालवणाऱ्यानं मशीनच्या बाजूला बसावं, थेट पुढं नाही. फळीपासून चार फुटांत दुसरं कुणी बसू नये, विशेषतः मशीनला पाठ टेकून. बाजाराच्या दिवशी गर्दी असते हे कबूल, पण ती जागा मोकळीच ठेवायची.

पंख्याला शाफ्टशी जोडणाऱ्या शिअर पिनच्या जागी खिळा घालणाऱ्यांना एवढंच, पिन तुटते कारण ती तुटण्यासाठीच असते. खिळा टिकला की गिअर जातो.

धडकेनंतर लगेच काय बघायचं

मशीन बंद, माणसं मोजा, तळात पाणी येतंय का बघा. मग काठाला लागून पुढची तपासणी.

पेंटची रेघ जुळतेय का. यू-बोल्टांभोवती भेगा आहेत का. मशीन हातानं वर-खाली करा. मध्येच घट्ट झालं तर टिल्ट नळी वाकली. स्विव्हल आणि क्लॅम्प ब्रॅकेटवर भेग शोधायला रॉकेलचा बोळा फिरवा, पाच मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्यानं चांगलं पुसा आणि खडूची पूड चोळा. भेग असेल तर आत मुरलेलं रॉकेल पांढऱ्यावर बारीक ओली रेघ काढतं. केसाएवढी असली तरी तो भाग बदलायचा. ॲल्युमिनियमची ओतीव ब्रॅकेट कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणली की ती दिसायला जाड होते आणि वेल्डच्या बाजूनं पुढच्या वेळी सरळ निघते.

पंखा हातानं फिरवून मागून मध्यबिंदूकडे बघा, डोलला तर शाफ्ट वाकला. इंजिन गरगरतं पण नाव पळत नाही, असं झालं तर पंख्याच्या आतलं रबर बुश फिरलंय. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू किंचित सोडा, थेंब दुधाळ आला तर सील गेला.

आणि दोर. एकदा जोरात भार घेतलेला नायलॉन बाहेरून नवाच दिसतो, आतले धागे तुटलेले असतात. ठिबकची नळी सरकवून बघितलं तर पदर चकचकीत, वितळल्यासारखे लागतात. तो दोर मशीनवर परत जात नाही, बैल बांधायला वापरा. भार आला नसला तरी दोन पावसाळ्यांनी बदला. बसवल्याची तारीख नळीवर मार्करनं लिहून ठेवा, म्हणजे पुढचा चालवणारा कुणी असला तरी विचारायला लागत नाही.